मशीन ‘मला’ म्हणते

आमच्या समोरच्या गजभिये काकांच्या मोबाइलला टिकली आहे. मरून रंगाची, मखमली, बारीक. पुढच्या कॅमेऱ्यावर एक, आणि मागच्या प्रत्येक कॅमेऱ्यावर एकेक. काका फोन कानाला लावून जिन्यात उभे राहिले की फोनची पाठ डोळे मिटून बसलेल्या कोणाच्या तरी चेहऱ्यासारखी दिसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर मी तिकडे बघायचं टाळू लागले.

टिकल्या काकूंच्या. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांनी सीताबर्डीवरून आणून ठेवलेली पाकिटं अजून संपलेली नाहीत.

“फेकू काहून?” काका म्हणतात. “कामी येऊन राहिल्या. ती असती तं तिनं बी कोणाले घरात डोकावू नसतं देल्लं.”

काकांच्या दाराच्या बारीक भिंगालाही आतून टिकली आहे. म्हणजे बाहेरच्याला आतलं दिसत नाही आणि काकांना बाहेरचं. त्यांची त्याला हरकत नाही. दिसणं फसवतं, ऐकणं फसवत नाही, असं त्यांचं मत. त्यामुळे त्यांची बेल वाजवायची गरजच पडत नाही. आमच्या मजल्यावर पाऊल वाजलं की बंद दारामागून, अगदी जवळून, आवाज येतो, “कोण?”

“मी, काका.”

“मी तं सगळेच असतात.”

मग प्रश्न येतो. प्रश्न रोज बदलतो. “परवा तुमच्या घरून कोणती भाजी आल्ती?” मी आठवून सांगते, “ढेमसं.” कडी निघते. उत्तर चुकलं तर दार उघडत नाही. एकदा माझी आईच चुकली आणि गरम कढीचं पातेलं घेऊन जिन्यात उभी राहिली. “अहो गजभिये, हात भाजून राहिला ना!” ती ओरडली. काका आतून शांतपणे म्हणाले, “स्वतः केलेली भाजी आठवत नाही तं संशय येणारच वहिनी.”

काका हिंगण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. कामगार आला की कार्ड मशीनमध्ये घालून छाप उठवायचा, आणि काका ती कार्डं तपासायचे. दोस्त दोस्ताचं कार्ड मारायचा. दोस्त घरी झोपलेला, कार्ड मात्र वेळेवर हजर. असे लोक पकडण्यात काकांचं आयुष्य गेलं आणि त्यातून त्यांना एक वाक्य मिळालं, जे ते कशालाही लावतात. सोसायटीच्या सेक्रेटरीचा फुलांचा सुप्रभात आला, पुढाऱ्याच्या दिवाळीच्या शुभेच्छा आल्या, बँकेनं वाढदिवसाला केकचं चित्र पाठवलं, की काका फोन उलटा ठेवतात. “कार्ड येते वं. माणूस येत नाही.”

बँकेकडे असलेली वाढदिवसाची तारीख अर्थात खोटी. खरी कोणालाच माहीत नाही. नावाचंही तेच. दूधवाल्याकडे ते मोरेश्वर आहेत, चष्म्याच्या दुकानात दामोदर आणि सीताबर्डीवरच्या ज्या दुकानातून कूलर घेतला तिथे विनायकराव. कोणी परक्यानं फोन करून विचारलं, “दामोदरजी बोल रहे हैं?” की काका आनंदानं मांडी थोपटतात. “चष्म्यावाल्यानं विकलं मले!” आणि चप्पल घालून त्या दुकानात भांडायला जातात. आमच्या इमारतीत न राहणाऱ्या माणसांच्या नावानं पार्सलं येतात आणि वॉचमन ती सगळी निमूटपणे काकांच्या दाराशी ठेवतो. त्यांचं खरं नाव त्यालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मी स्वतः कमी बोलणारी. अनोळखी नंबर उचलत नाही, ओळखीचा वाजून थांबेपर्यंत बघत बसते. बोलून निरोप तर कधीच पाठवत नाही, आपला आवाज दुसऱ्याच्या फोनमध्ये पडून राहिलेला मला आवडत नाही. त्यामुळे काकांचं आणि माझं बरं जमायचं. ते मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. आमच्या शाळेत मराठी बोललं की हसायचे आणि माझ्या आजीसारखं ‘मले’, ‘तुले’ बोललं तर जास्तच हसायचे. मी मराठी पुन्हा पुस्तकातून शिकले. काकांना ते पहिल्याच दिवशी ऐकू आलं.

“तुह्या बोलण्याचा भरवसा नाही वं कॉन्व्हेंट. कोणी लिहून देल्लं अन् तू वाचून राहिली, असं वाटते. म्हण, मले चहा पाह्यजे.”

“मले चहा पाह्यजे,” मी म्हटलं.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. “नाही. खोटं वाटते.”

काकांची एकुलती एक मुलगी अस्मिताताई लग्न होऊन पुण्याला गेली. ती शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे व्हिडिओ करते. मशीन आता कोणाचाही आवाज हुबेहूब काढते, लेकीच्या आवाजात बापाला फसवते, अशी बातमी काकांनी कुठेतरी पाहिली आणि ते अस्वस्थ झाले. दिसणं फसवतं हे त्यांना मान्य होतं. आता ऐकणंही फसवायला लागलं होतं. दोन-चार दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी जिन्यात मला थांबवून म्हणाले, “सापडलं.”

“काय?”

“मशीन शिकलेली असते. तुह्यासारखी. शिकलेलं ‘मला’ म्हणते. माही पोट्टी ‘मले’ म्हणते.”

तेव्हापासून नियम झाला. अस्मिताताईनं फोन केला की पहिल्याच वाक्यात ‘मले’ आलं पाहिजे, नाहीतर फोन बंद. एकदा माझ्यासमोरच तिचा फोन आला. काका नेहमी स्पीकरवर बोलतात, फोन कानाला लावणं फक्त जिन्यात.

“बाबा, मले सर्दी झाली.”

“हां. बोल आता.”

“सर्दी नाही झाली हो बाबा. पण पहिल्या वाक्यात रोज रोज काय घालू?” आणि ती हसली. छान हसायची. सुरुवातीला वर जायचं, मध्ये थोडं अडकायचं आणि मग सुटायचं. काकाही हसले. माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे बघ, हे असं असते.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी काकांनी स्वतःहून आमचं दार वाजवलं. चेहरा फुलला होता.

“मशीन आल्ती वं! मशीन!”

आई, बाबा आणि मी टीव्ही बंद करून ऐकत बसलो. अनोळखी नंबरावरून फोन. आवाज थेट अस्मिताचा. रडवेला. ‘बाबा, मी बोलतेय. मला दवाखान्यात आणलंय. माझा फोन पडून बंद झालाय, शेजारच्या बाईंच्या फोनवरून बोलतेय. बाबा, मला खूप दुखतंय.’ काका आवाज काढून दाखवत होते. आम्हाला त्यात हसण्यासारखं काय ते कळेना, पण तेच इतके हसत होते की आम्हीही हसलो.

“मंग तुम्ही काय म्हटलं?” बाबांनी विचारलं.

“मी म्हटलं, बाई, आवाज लय भारी काढला. पण अभ्यास कमी पडला. अन् कट. अन् नंबर ब्लॉक.”

“अस्मिताताईला फोन करून बघितला का?” मी विचारलं.

“बंद आहे. झोपली असंल.”

दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला. तो गावाला गेला होता, सकाळी परतला होता. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशनच्या कागदावर अस्मिताताईनं स्वतःच सही केली होती. आता धोका नव्हता. काका हे ऐकताना जिन्यातच होते. ऐकून झाल्यावर ते पायरीवर बसले. फोन कानालाच होता, पलीकडून जावई कधीच गेला होता.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं एकदाच फोन केला. मी काकांकडे दलिया द्यायला गेले होते. फोन टेबलावर, स्पीकर सवयीनं चालू.

“बाबा, मला तुमच्याशी बोलायचं नाहीये. एवढंच सांगायला फोन केला.”

“बेटा, तू फक्त ‘मले’...”

“‘मले’ कोणी म्हणत नाही इथे. मीही म्हणत नाही. फक्त तुमच्या फोनवर म्हणायचे. पाठ केल्यासारखं. पोटात दुखत असताना पाठ केलेलं विसरतं माणूस.”

फोन बंद झाला. काका दलियाकडे बघत राहिले. मी दारापर्यंत पोहोचले तेव्हा म्हणाले, “खरी होती वं. ‘मला’ म्हणे तरी खरी होती.”

त्यानंतर तिचा फोन आला नाही. काकांचा ती उचलेना.

काकांनी टिकल्या काढल्या. आधी फोनवरच्या. व्हिडिओवर फोन केला तर तिला तोंड दिसावं म्हणून. मग दाराच्या भिंगावरची. मग दारच थोडं उघडं राहू लागलं, दिवसभर. मी जिना चढून आले तरी “कोण?” येत नव्हतं. इतकी वर्षं त्या आवाजाला दचकत आले होते, आता तो नसण्यानं दचकायला झालं. कोणताही फोन आला की काका पहिल्या घंटीला उचलायचे. “हां, मीच दामोदर. हां, मीच मोरेश्वर.” पलीकडचे लोक कर्जं, प्लॉट, विमे विकत राहायचे आणि काका शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. कोणी सांगावं, मधेच अस्मिताताईचा आवाज यायचा.

आणि भिंतीतून अस्मिताताई बोलायला लागली.

माझ्या खोलीची आणि त्यांच्या बैठकीची भिंत एकच. दुपारी कूलरच्या घरघरीत आधी नीट कळायचं नाही. मग कूलर बंद केला की स्पष्ट यायचं. “संत्र्याच्या आठ फोडी. तीन मी खाल्ल्या. आता मला सांगा, उरल्या किती?” गणिताचा व्हिडिओ होता. त्यात पुढे तिच्या हातातून एक फोड निसटते आणि ती हसते. सुरुवातीला वर, मध्ये अडकून, मग सुटून. काका तो एकच व्हिडिओ लावायचे. पुन्हा पुन्हा. आणि प्रत्येक वेळी, “उरल्या किती?” नंतर, भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा.

“पाच.”

एके दुपारी लाइट गेली. भर उन्हाळ्यात लाइट गेली की आमच्याकडे अख्ख्या गल्लीचे कूलर एकदम थांबतात आणि इतकी शांतता होते की कान दुखतात. त्या शांततेत भिंतीतून आवाज आला, “बाबा, जेवलात का?”

मी उठून बसले. हे व्हिडिओत नव्हतं.

“जेवलो बेटा. तू?”

“मी पण जेवले. बाबा, मला तुमची खूप आठवण येते.”

मला इतका आनंद झाला की मी आईनं दिलेली कैरीची चटणी उचलून निघालेच. अबोला सुटला होता. त्यांचं दार उघडंच होतं. मी उंबऱ्याशी पोहोचले आणि आतून ती हसली.

सुरुवातीला वर. मध्ये अडकून. मग सुटून.

मी तिथेच थांबले. ते हसू मी भिंतीतून इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातला श्वासही मला पाठ होता. तोच श्वास होता. तेवढाच लांब. पण इथे कोणतीच फोड निसटली नव्हती. कोणी हसण्यासारखं काही बोललंही नव्हतं.

काका टेबलाशी बसले होते. फोन समोर, ताटाशेजारी, जिथे माणूस बसतो तिथे पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा.

“बाबा, तुमच्या फोनवर बँकेचा एक नंबर आला असेल. तो मला सांगा.”

“मला नाही बेटा. मले म्हण.”

पलीकडे काहीच आवाज नव्हता. श्वाससुद्धा नाही. मग ती म्हणाली, “मले सांगा.”

“हां. आता कसं! उद्या सांगतो. आज चष्मा सापडून नाही राहिला.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

“उद्या नक्की ना बाबा?”

“नक्की. याच वेळेले कर.”

फोन बंद झाला. मी एरवी बोलते त्यापेक्षा मोठ्यानं बोलले, “काका, ती अस्मिताताई नव्हती.”

“माहीत आहे मले,” काका म्हणाले. “ये. बस.”

मी बसले नाही. “तो नंबर द्यायचा नसतो. कोणालाच.”

“कॉन्व्हेंट, हे तू मले शिकवते?” त्यांनी बऱ्याच दिवसांनी पूर्वीसारखं बघितलं. “देत नाही ना मी. ती रोज मागते. मी म्हणतो, उद्या देतो. मंग उद्या फोन येते.”

मी वाटी टेबलावर ठेवली.

“आमच्या टाइम ऑफिसात कार्डाचा रॅक होता. ज्याचं कार्ड नाही आलं त्याचा खाचा रिकामा. दिवसभर तो रिकामा खाचाच दिसत राहे डोळ्यापुढं. हे कार्डच आहे, कळते मले. माणूस नाही. पण खाचा तं भरते.” मग एकदम उत्साहानं माझ्याकडे वळले. “आधी मला मला करे. आता शिकली. तुह्यापेक्षा चांगलं म्हणते.”

ते खरं होतं.

घरी येऊन मी तो संत्र्याचा व्हिडिओ उघडला. तिचा आवाज त्या भामट्यांनी कुठून घेतला ते कळत होतं. काकांपर्यंत ते कसे पोहोचले हे कळत नव्हतं. ते खाली सापडलं, मुलांच्या ‘थँक्यू मिस’च्या गर्दीत. काकांनी लिहिलं होतं, ‘अस्मिता मी तुझा बाबा श्रावण गजभिये नागपूर. माझी चूक झाली. फोन कर. नंबर तोच आहे.’ आणि पुढे पूर्ण नंबर. तिच्या प्रत्येक व्हिडिओखाली हेच. दुधाच्या रतिबाला खोटं नाव देणाऱ्या माणसानं सगळ्या जगाला दिसेल असं, आपलं नाव, गाव, नंबर आणि आपलं दुखणं मांडून ठेवलं होतं. आवाज वर, पत्ता खाली. कोणाला शोधायला जायचंही काम नव्हतं.

आणि त्यांचं नाव श्रावण होतं.

आईकडे अस्मिताताईचा नंबर होता. मी लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं. वाचून पाहिलं तर ते कोणीही लिहिल्यासारखं वाटत होतं, त्या कर्जवाल्यांच्या निरोपासारखं. तिनं का विश्वास ठेवावा? शेवटी मी पंखा बंद केला आणि बटण दाबून बोलले. अडखळत, सगळं. पाठवल्यावर एकदा ऐकलं. शेवटी मी म्हटलं होतं, ‘ताई, काकांची मले काळजी वाटते.’ मी ते ठरवून म्हटलं नव्हतं.

ती आली. हातात छोटी बॅग, चालणं अजून जपून. मी गॅलरीतून तिला रिक्षातून उतरताना पाहिलं. उघड्या दाराशी दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी त्या वेळी कूलर पूर्ण वेगात लावून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी मला चहाला बोलावलं. दार बंद होतं. मला उगाच बरं वाटलं.

“कोण?”

“मी.”

“मी तं सगळेच असतात.”

“काल मी चटणी आणली होती. कैरीची.”

“काल नाही, परवा. पण चालते. ये.”

अस्मिताताई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज येत होता. काका टेबलाशी बसले होते, समोर फोन आणि टिकल्यांचं पाकीट. मी बसते आहे तोच फोन वाजला. त्याच वेळेला. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि उचलला. स्पीकर नेहमीसारखा चालू.

“बाबा, मले ओळखून राहिले ना?”

इतकं आपलं वाटलं ते. माझी आजी बोलायची तसं.

“बाबा,” आतून अस्मिताताई म्हणाली, “मला चाळणी सापडत नाहीये.”

एकच आवाज. एक टेबलावरून, एक दाराआडून. काका क्षणभर दोन्हींच्या मध्ये बसून राहिले.

“बाबा? तो नंबर मले आज सांगता ना?”

काका फोनच्या जवळ वाकले. तिला ऐकू जाईल, आत जाणार नाही, इतक्या हळू आवाजात म्हणाले, “नाही बेटा. तुही ड्युटी संपली. घरी जाय.”

पलीकडे ती शांतता पसरली, श्वास नसलेली. मी वाट पाहत होते की आता ती हसेल. ती हसली नाही.

“बरं बाबा,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

काकांनी पाकिटातली टिकली नखानं सोडवली, कॅमेऱ्यावर ठेवली आणि अंगठ्यानं दाबून धरली.

“कोणाचा फोन होता?” अस्मिताताईनं आतून विचारलं.

“कोणाचा नाही. चाळणी फ्रिजच्या वर आहे, पाह्य.” त्यांनी फोन उलटा ठेवला आणि त्याच्या पाठीवर दुसरी टिकली लावली. “तुह्या नावाचं कार्ड मारून राहिल्ती बिचारी.”